विज्ञान-प्रेमकादंबरीचे परीक्षण : एक मत



ग्रंथपरीक्षणाच्या स्वाध्यायासाठी कोणते पुस्तक निवडावे, हा प्रश्न दरवर्षी विचारला जातो, आणि तो विचारणाऱ्याच्या मनात उत्तर बहुधा ठरलेलेच असते. एखादी मान्यवर ग्रामीण कादंबरी, एखादे गाजलेले आत्मचरित्र किंवा पुरस्कारप्राप्त कवितासंग्रह. दिवसभराची कामे उरकल्यावर, घरातले सर्व जण झोपल्यावर, केवळ स्वतःच्या ओढीने वाचलेले पुस्तक मात्र या यादीत सहसा नसते. वाचनाची आवड एका कप्प्यात आणि अभ्यास दुसऱ्या कप्प्यात, अशी ही विभागणी आहे. तिला माझा आक्षेप आहे, आणि तो मांडण्यासाठी मी मुद्दामच सर्वांत दुर्लक्षित प्रकार निवडते : विज्ञानाच्या पायावर उभी असलेली प्रेमकादंबरी.

हा प्रकार दोन्हीकडून उपेक्षित आहे. प्रेमकादंबरी म्हणजे बायकांचे दुपारचे वाचन आणि विज्ञानकथा म्हणजे शाळकरी मुलांचे सुटीतले वाचन, असा एक शिष्टसंमत समज आपल्याकडे रुजलेला आहे. दोन्ही एकाच पुस्तकात आल्या की समीक्षक ते पुस्तक हातातही घेत नाहीत. परिणाम असा की, अशा कादंबरीला टीकाही लाभत नाही. लाभते ती केवळ मलपृष्ठावरची स्तुती. ज्या साहित्यप्रकाराला कठोर वाचक मिळत नाहीत तो सुधारत नाही, आणि तो सुधारत नाही म्हणून त्याला कठोर वाचक मिळत नाहीत.

मराठीपुरते बोलायचे तर या स्थितीला इतिहासाचे एक कारण आहे. 1966 साली मराठी विज्ञान परिषदेची स्थापना झाली आणि तिच्या विज्ञानकथा स्पर्धेतून मराठी विज्ञानकथेला बळ मिळाले. 1974 साली या स्पर्धेत 'कृष्णविवर' या कथेने पारितोषिक मिळवले. लेखकाचे नाव होते नारायण विनायक जगताप. हे नाव धारण करणारी व्यक्ती जयंत विष्णु नारळीकर होती, हे पुढे कळले. स्वतःच्या आद्याक्षरांचा क्रम उलटवून त्यांनी हे टोपणनाव घेतले होते. (परीक्षणाच्या विद्यार्थ्याने ही घटना ध्यानात ठेवावी. जगद्विख्यात खगोलशास्त्रज्ञाला आपली कथा आपल्या नावाशिवाय तोलली जावी असे वाटले.) नारळीकर, बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर या पिढीने मराठी वाचकाला विज्ञानकथेची सवय लावली, आणि हे काम लहान नाही. परंतु या कथेच्या जन्माशी विज्ञानप्रसाराचा हेतू जोडलेला असल्यामुळे तिच्यात कल्पना मध्यभागी राहिली आणि माणसे कडेला सरकली. शास्त्रज्ञ प्रयोगशाळेत, पत्नी चहाचा ट्रे घेऊन दारात, ही चौकट अनेक कथांत दिसते. अपवाद आहेत, आणि काही फार चांगले आहेत. तरीही मराठी विज्ञानकथेला प्रेमाचा संकोच वाटत आला, असे माझे मत आहे.

हा संकोच आपल्या परंपरेतून आलेला नाही. कच आणि देवयानीची कथा आठवून पाहावी. देवांनी कचाला शुक्राचार्यांकडे संजीवनी विद्या शिकण्यासाठी पाठवले. असुरांनी त्याला पुनःपुन्हा मारले. शेवटी त्याची राख मद्यात मिसळून गुरूलाच पाजली. गुरूच्या पोटातच त्याला विद्या मिळाली, तो पोट फाडून बाहेर आला आणि त्याने गुरूला जिवंत केले. देवयानीने विवाहाची मागणी घातली तेव्हा तो म्हणाला की, मी तुझ्या पित्याच्या उदरातून जन्मलो, म्हणजे तुझा भाऊ झालो. येथे थांबून विचार करावा. ज्या विद्येने प्रियकर परत मिळाला, त्याच विद्येने तो कायमचा दुरावला. विद्या काढून टाकली तर कथाच उरत नाही. प्रेम काढून टाकले तर विद्येच्या किमतीला काही अर्थ उरत नाही. खाडिलकरांनी 1913 साली 'विद्याहरण' हे संगीत नाटक याच कथानकावर रचले आणि ते रंगभूमीवर गाजले. आजच्या परिभाषेत सांगायचे तर ही विज्ञान-प्रेमकथेची आदर्श मांडणी आहे. वि. स. खांडेकरांची 1959 सालची 'ययाति' पाहिली तरी तिच्या मुळाशी एक असाच नियम आहे : तारुण्य एका देहातून दुसऱ्या देहात जाऊ शकते. मग पतीचे तारुण्य मुलाकडून आलेले असेल तर पत्नीने ते कसे स्वीकारावे? असा प्रश्न उभा करणारा लेखक, त्याला ठाऊक असो वा नसो, विज्ञानकथेच्याच अंगणात उभा असतो.

कुसुमाग्रजांच्या 'विशाखा' (1942) या संग्रहातील 'पृथ्वीचे प्रेमगीत' ही कविता तर आपल्यापैकी पुष्कळांनी शाळेत पाठ केली आहे. सूर्याभोवती पृथ्वीने फिरणे ही खगोलशास्त्रातील साधी वस्तुस्थिती. कवीने तिला प्रणयाचा आशय दिला, चंद्र, मंगळ, शुक्र, ध्रुव यांना नाकारलेले याचक केले, आणि सूर्यापासूनचे अंतर हा विज्ञानातील तपशील पृथ्वीच्या स्वाभिमानाचा विषय केला. कवितेतील भावना कक्षेपासून वेगळी काढता येत नाही. असे काम कादंबरीने का करू नये?

म्हणून परीक्षणाची पहिली कसोटी मी अशी सुचवते. कादंबरीतील विज्ञान मनातल्या मनात बाजूला काढावे. अंतराळयानाऐवजी आगगाडी, मंगळाऐवजी महाबळेश्वर, यंत्रमानवाऐवजी श्रीमंत घरातला अबोल तरुण घालावा. प्रेमकथा तशीच्या तशी चालू राहिली तर विज्ञान हे केवळ नेपथ्य होते, असे निःसंकोच लिहावे. नंतर उलट करावे. प्रेम वगळूनही कथानक अडखळत नसेल, तर ते प्रेम वाचकाला धरून ठेवण्यासाठी वरून चिकटवलेले आहे. बऱ्याच पुस्तकांचा निकाल या दोन प्रयोगांतच लागतो.

जगाच्या साहित्यात हे दोन्ही धागे एकत्र विणले गेले आहेत. मेरी शेलीच्या 'फ्रँकेन्स्टाइन' (1818) या कादंबरीला आपण भयकथा म्हणून ओळखतो. पण तिच्या मध्यभागी एक मागणी आहे. निर्माण केलेला जीव आपल्या निर्मात्याकडे सहचरी मागतो. निर्माता ती घडवायला घेतो आणि अर्ध्यावर नष्ट करतो, आणि पुढचा सारा संहार त्यातून घडतो. अलीकडच्या काळात कॅथरिन असारो या अमेरिकी लेखिकेच्या 'द क्वांटम रोझ' या कादंबरीला 2001 सालचा नेब्युला पुरस्कार मिळाला. लेखिका स्वतः विज्ञानातील डॉक्टरेट मिळवलेली आहे, आणि प्रेमकथेच्या मांडणीमागे तिने पुंजयामिकीतील कणांच्या प्रकीर्णनाचे रूपक योजले आहे. विज्ञानकथेच्या क्षेत्रातील प्रतिष्ठेचा पुरस्कार उघडपणे प्रेमकादंबरी असलेल्या पुस्तकाला मिळाला, ही गोष्ट आपल्याकडील नाक मुरडणाऱ्यांना सांगण्यासारखी आहे.

विज्ञानातील चूक दाखवणे हे परीक्षकाचे काम आहेच. परंतु चुकीची यादी करून थांबणे हे पंतोजीचे काम झाले. चुकीमुळे कथेने काय गमावले, हे सांगता आले पाहिजे. समजा, एका कादंबरीत नायक मंगळावर आणि नायिका पृथ्वीवर आहे आणि दोघे रोज रात्री दूरध्वनीवर गप्पा मारतात. मंगळ आणि पृथ्वी यांमधील अंतर सतत बदलते, त्यामुळे प्रकाशाला आणि रेडिओसंदेशाला एका दिशेने जाण्यास सुमारे 3 ते 22 मिनिटे लागतात. म्हणजे ग्रह दूर असताना 'जेवलास का?' या प्रश्नाचे उत्तर पाऊण तासाने येणार. लेखकाने हे ध्यानात घेतले नाही, ही चूक खरी. पण त्याहून मोठे नुकसान असे की, त्याने हातात आलेले नाट्य सोडून दिले. रागाने बोललेला शब्द वाटेतच असताना समोरून प्रेमाचा शब्द येऊन पोहोचतो. क्षमा मागितली जाते तेव्हा अपराध अजून ऐकूच गेलेला नसतो. विरहिणीची परंपरा ज्ञानदेवांपासून असलेल्या भाषेत या 22 मिनिटांचे मोल कळायला हवे होते. गावाकडच्या माणसाला पत्राची वाट पाहणे आठवत असेल, तर त्याला ही उणीव शहरातल्या परीक्षकापेक्षा लवकर दिसेल.

माझा विषय भाषाविज्ञान असल्याने पुढचा मुद्दा जरा सविस्तर मांडते. विज्ञान-प्रेमकादंबरी मराठीत लिहिणाऱ्यापुढे आपले व्याकरणच एक विलक्षण प्रश्न टाकते. इंग्रजीत यंत्र नायिकेला आपले प्रेम सांगते तेव्हा त्या वाक्यात बोलणाऱ्याचे लिंग कोठेही दिसत नाही. मराठीत 'मी तुझ्यावर प्रेम करतो' किंवा 'करते' यांपैकी एक निवडावेच लागते. भूतकाळातही तेच : 'मी आलो', 'मी आले'. (प्रस्तुत लेखिका स्त्री आहे, हे आपण माझ्या क्रियापदांवरूनच ओळखले असेल.) व्याकरणात नपुंसकलिंग आहे, पण नपुंसकलिंगात स्वतःविषयी बोलणारा 'मी' व्यवहारात ऐकू येत नाही. त्यामुळे स्त्री नाही, पुरुष नाही, असे यंत्र मराठी बोलू लागले की पहिल्याच क्रियापदाला त्याचे लिंग ठरते. 2010 सालच्या 'रोबोट' या चित्रपटात यंत्रमानवाला अभिनेत्याचा देह आणि चेहरा होता, म्हणून प्रश्न आधीच सुटला होता. कादंबरीकाराला तो एकेका वाक्यात सोडवावा लागतो.

आणि भाषेनेच त्यासाठी एक वाट ठेवलेली आहे. 'मला तू आवडतेस' हे वाक्य पाहावे. येथे क्रियापद जिच्यावर प्रेम आहे तिच्याप्रमाणे चालते; बोलणारा 'मला' या रूपात आहे आणि त्याचे लिंग झाकलेले राहते. भविष्यकाळही असाच उदार आहे : 'मी तुझी वाट पाहीन' हे स्त्री म्हणेल, पुरुष म्हणेल, यंत्रही म्हणेल. म्हणजे मराठी यंत्राला लिंग न सांगता प्रेम सांगता येते, वचनही देता येते. मात्र त्याची एक किंमत आहे. 'मला' हे रूप आपण अनुभव घेणाऱ्यासाठी वापरतो : मला भूक लागली, मला वाटले, मला दुखले. ज्या क्षणी यंत्र 'मला तू आवडतेस' म्हणते, त्या क्षणी त्याने आपल्याला अनुभव येतो असा दावा केलेला असतो. यंत्राला खरोखर काही वाटते का, हा या साहित्यप्रकाराचा मूळ प्रश्न, आणि तो मराठीत एका विभक्तिरूपात येऊन बसतो. लेखकाने ही निवड जाणून केली आहे की इंग्रजी वाक्य मनात योजून ते मराठीत उतरवले आहे, हे परीक्षकाने तपासावे. भाषांतरित कादंबरीच्या परीक्षणात तर हा मुद्दा टाळताच येणार नाही.

संबोधनाचेही तसेच. 'तुम्ही'वरून 'तू'वर येणे हा मराठी प्रेमकथेतला एक स्वतंत्र प्रसंग असतो. तो कोणत्या पृष्ठावर घडतो ते शोधून काढावे. यंत्राला आपण सहज 'तू' म्हणतो, जसे नोकराला म्हणत आलो. मग प्रेम जडल्यावर नायिका त्याला 'अहो' म्हणू लागेल का? हसू येण्याजोगा प्रश्न वाटतो. पण त्यात मालकी आणि आदर यांचा सारा हिशोब आहे.

आता या भागातील वाचकाविषयी थोडे. मी हे दिंद्रुड येथे बसून लिहीत आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास या परिसरातील असंख्य घरांना कुलपे लागतात आणि माणसे ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्राकडे, कर्नाटकाकडे निघतात. मुकादमाच्या हिशोबात नवरा-बायकोच्या जोडीला एक 'कोयता' म्हणतात. एकटे माणूस असेल तर 'अर्धा कोयता'. उचल दिली जाते ती कोयत्याला. दोन जिवांच्या सहजीवनाला एका अवजाराचे नाव देणारी ही परिभाषा एखाद्या कादंबरीकाराने भविष्यातील जुलमी राज्यासाठी कल्पिली असती, तर समीक्षकांनी तिचे कौतुक केले असते. रशियन लेखक झाम्यातिन याची 'आम्ही' ही कादंबरी 1924 साली इंग्रजीत प्रथम प्रसिद्ध झाली. तिच्यातील नागरिकांना नावे नाहीत, क्रमांक आहेत. कोणी कोणाला कधी भेटावे हे गुलाबी चिठ्ठीवर ठरते. ऑर्वेलच्या 1949 सालच्या '1984'मध्ये दोघांचे चोरून भेटणे हेच राजसत्तेविरुद्धचे बंड ठरते. या कादंबऱ्यांत प्रेम ही सजावट नसते. माणसाला आकड्यात किंवा अवजारात बदलणाऱ्या व्यवस्थेला नेमके कोठे अडखळावे लागते, हे प्रेमावाचून दाखवताच येत नाही.

2019 साली बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न राज्यभर गाजला आणि शासनाने चौकशीसाठी समिती नेमली. कामावर खाडा पडला की होणाऱ्या दंडाची चर्चाही तेव्हा झाली. शरीर, श्रम, वैद्यक आणि संसार यांची अशी गुंतागुंत ज्या जिल्ह्याने पाहिली आहे, तेथील वाचकाला देहावर सत्ता गाजवणाऱ्या भविष्यकाळाची कादंबरी परकी वाटण्याचे कारण नाही. दूरशिक्षणाचे आपण विद्यार्थी वयाने प्रौढ आहात. आपण संसार केला आहे, वाट पाहिली आहे, कित्येकांनी वियोगही सोसला आहे. हा अनुभव परीक्षणाच्या वेळी दाराबाहेर काढून ठेवण्याची वस्तू नव्हे. मात्र तो पुराव्यासह वापरावा. 'कादंबरीतील विरह मनाला भिडत नाही' एवढ्यावर थांबू नये. कोणत्या प्रसंगात, कोणत्या वाक्याशी तो खोटा झाला ते दाखवावे.

स्वाध्यायांमध्ये एक दोष वारंवार आढळतो. दहापैकी आठ पाने कथानक सांगण्यात जातात आणि अखेरीस 'भाषा ओघवती आहे, मुखपृष्ठ आकर्षक आहे, पुस्तक संग्राह्य आहे' असे तीन ठराविक शिक्के मारले जातात. कथानक दीड पानात आटोपावे आणि शेवट तर सांगूच नये. प्रेमकादंबरीचा वाचक शेवटासाठी वाचतो आणि विज्ञानकादंबरीचा वाचक उलगड्यासाठी, तेव्हा येथे दुहेरी नुकसान होते. दोषदर्शनाला भिऊ नये. लेखक मोठा आहे म्हणून मौन पाळणे आणि प्रकार हलका म्हणून सरसकट झोडपणे, या दोन्हींत पुस्तक न वाचल्याचाच पुरावा असतो. सुखान्ताबद्दलही पूर्वग्रह नको. मीलनाने संपते म्हणून कादंबरी उथळ, आणि नायक कृष्णविवरात नाहीसा होतो म्हणून ती गंभीर, असे समीकरण नाही. ते मीलन कथेच्या नियमांतून मिळवलेले आहे की शेवटच्या प्रकरणात नियमच मोडून लेखकाने ते बहाल केले आहे, हा प्रश्न विचारावा. कृष्णविवराजवळ काळ मंद चालतो, हे सापेक्षतेचे सत्य मान्य केले, तर परतलेल्या तरुण नायकासमोर वृद्ध झालेली प्रेयसी उभी राहणारच. तिला अचानक तरुण करणारे औषध शेवटच्या पानावर सापडत असेल, तर परीक्षकाने ते सौम्य शब्दांत, पण लिहावे.

एक गोष्ट मला विशेष खटकते. मराठी भविष्यकथांतील माणसे तीनशे वर्षांनंतरही, चंद्रावर असोत की दुसऱ्या तारकामंडळात, आजची पुस्तकी प्रमाण मराठी बोलतात. 1290 सालच्या 'ज्ञानेश्वरी'तील मराठी आज आपल्याला टीपा घेऊन वाचावी लागते; आणि ज्यांना आद्यकवी म्हणतात त्या मुकुंदराजांची समाधी तर येथून जवळच, अंबाजोगाईला आहे. काळातून प्रवास करणारा एखादा तरुण तेराव्या शतकातील तरुणीच्या प्रेमात पडला, तर पहिले काही आठवडे दोघांना एकमेकांचे बोलणेच कळणार नाही. ते हळूहळू कसे कळू लागते, कोणता शब्द आधी कळतो, कोणता गैरसमज गोड ठरतो, एवढ्यावर कादंबरीची पन्नास पाने उभी राहतील. पण आपले लेखक हा प्रवास एका 'भाषांतर-यंत्रा'त उरकतात. तसेच बोलींचे. ऊसतोडीला, धरणावर, परदेशी बांधकामांवर जे लोक गेले, तेच उद्या परग्रहावरील वसाहत उभारायला जातील, असे मानायला इतिहासाचा आधार आहे. मग त्या वसाहतीत 'काय करायलास?' हा प्रश्न ऐकू यायला हवा. आपण निवडलेल्या कादंबरीत तो ऐकू येतो का, आणि येत असेल तर तो नायकाच्या तोंडी आहे की केवळ विनोदी नोकराच्या, हे पाहून त्याविषयी परीक्षणात एक परिच्छेद अवश्य लिहावा.